सुमिएसानचा अंगठा

कुणाच्या घरी गेल्यावर न्हाणीघरातला टूथब्रश उचलून त्याच्या दांड्याची कड अंगठ्याने चाचपणारी बाई दिसली, तर ती टूथब्रश बनवणाऱ्या आमच्या याओ गावची समजावी. मीही तशीच आहे. पण हिगाकी सुमिएसानइतकी बेशरम मात्र नाही. मुलीच्या होणाऱ्या सासूकडे पहिल्यांदा गेली, तेव्हा हात धुवायचं निमित्त करून हिने त्या घरातल्या सगळ्या ब्रशांच्या कडा नखाने साफ करून टाकल्या होत्या. लग्न मोडलं नाही, हे त्या मुलीचं नशीब.

आम्ही दोघी ब्रशाच्या कारखान्यात एकाच टेबलाला बसायचो. आमच्याबरोबर ओगिनोबाई होत्या, पण त्या वयाने इतक्या मोठ्या की बसल्याबसल्या झोपायच्या. काम म्हणजे दांडे तासायचे. शेजारच्या खोलीत मशीन होतं. त्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, त्या फटीतून ते थोडं बाहेर फुटतं आणि थंड झालं की दांड्याच्या कडेला कागदापेक्षा पातळ झालर उरते. तिला फ्लॅश म्हणतात. ती राहिली तर लोकांच्या हिरड्या कापतात. म्हणून मशीनमधून दांड्यांचे क्रेट आमच्याकडे यायचे आणि आम्ही झालर काढायची. हातात छोटा चाकू असायचा, पण तो नावाला. खरं काम उजव्या अंगठ्याच्या नखाचं.

सुमिएसान मूळची शिकोकूच्या डोंगरातली. नऊ वर्षं शाळा झाली, आणि तिला इझुमीच्या टॉवेल गिरणीत पाठवलं. तिथे तिचं काम होतं टॉवेलांतून लोंबणारे धागे कापायचं. मग हिगाकीशी लग्न झालं. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. माणूस गोड, पण गप्पिष्ट. गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या नादात निम्मे स्क्रू आवळायचे राहायचे, ते रात्रीचा स्वयंपाक सोडून ही आवळायची. सासू अंथरुणाला खिळली, तिचं सगळं हिने केलं. नवराही गेला. मुलगी नागोयाला. मला विचाराल तर, दुसऱ्यांनी अर्धवट टाकलेलं निस्तरण्यात या बाईचा जन्म गेला, आणि त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही याचा मला जास्त राग यायचा.

बाकी तिला गरीब बिचारी वगैरे समजू नका. सायकलच्या हँडलला छत्री बांधून, टोपीची पुढची झापड नाकापर्यंत ओढून ती रस्त्याच्या मधून जायची. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला की सिग्नलला त्याच्या खिडकीतून आत चघळायची गोळी टाकायची, 'घे रे, घसा बसेल,' म्हणून. पिशवीत गोळ्या कायम. तिची शिंक पॅकिंगच्या खोलीपर्यंत ऐकू जायची.

तर एका वर्षीची गोष्ट. वर्ष सरताना आमचा सगळा कारखाना एकत्र खायला-प्यायला जातो. आम्ही ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांच्या, दुकानात गरम तव्याभोवती बसलो होतो. एगुचीसान मशीन सांभाळायचे. मोल्डिंगची जी सरकारी कौशल्य परीक्षा असते, तिचा पहिला दर्जा मिळवलेले ते आमच्याकडचे एकटेच. ते पुढच्या वर्षाच्या शेवटी काम सोडणार आणि बायकोच्या माहेरी, वाकायामाला, संत्र्याच्या बागेत जाणार, हे नुकतंच सगळ्यांना कळलं होतं.

'एगुचीसान गेले की मी मशीन विकणार,' शाचो म्हणाले. शाचो म्हणजे आमचे मालक. बिअरने त्यांचे कान लाल झाले होते. 'दांडे बाहेरून आणू. आपण नुसते केस बसवू आणि पॅक करू. डोक्याला ताप नाही.'

सुमिएसानने उलथनं खाली ठेवलं. 'मला द्या.'

'घ्या की. हे शिजलंय बघा, पलीकडचं.'

'ओकोनोमियाकी नाही हो. मशीन.'

सगळे असे हसले की दुकानदार आतून बघायला आला. ओगिनोबाई जाग्या झाल्या. शाचो डोळे पुसत म्हणाले, 'हिगाकीसान, तुम्ही परीक्षेचा दुसरा दर्जा घेऊन या. त्या दिवशी मशीन तुमचं!'

आता आमच्याकडचा रिवाज असा की पिताना बोललेलं सकाळी काढायचं नाही. मालकाने बोलून घ्यावं, आपण ऐकून घ्यावं, आणि उजाडलं की दोघांनी विसरावं. त्यावरच कारखाने चालतात. कोणी मूर्ख असला तरी हे पाळतो. सुमिएसानने पाळलं नाही. कामाआधीची सकाळची कवायत संपली, आम्ही अजून हात झटकत होतो, तेवढ्यात ती पुढे झाली, शाचोंसमोर कमरेतून वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'काल दिलेल्या शब्दाबद्दल आभारी आहे.'

'कोणता शब्द?' शाचो म्हणाले.

'दुसरा दर्जा आणला की मशीन माझं. तोवर विकायचं नाही.'

शाचोंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे जमिनीकडे पाहत होतो. इतक्या लोकांदेखत 'मी नशेत बोललो' म्हणायची कुणाची हिंमत होते? त्यांनी मान हलवली आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

'तुला वेड लागलंय का?' टेबलाला बसल्यावर मी तिला झापलं. 'अठ्ठावन्न वर्षांची झालीस. गुडघे बोलतात तुझे. आणि मालकाची अशी कोंडी करतात?'

'चिझुचान,' ती म्हणाली, 'मी एकदा तरी सुरुवातीला उभी राहणार. कायम शेवटी बसून कंटाळा आलाय.'

एगुचीसान बोलायला महाग. ते फक्त येऊन म्हणाले, 'उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत मशीनवर या. डबा लवकर संपवा.'

त्यानंतर सुमिएसान डबा खात नव्हती, कोंबत होती. एगुचीसान तिच्याकडून प्लास्टिकचा दाणा वाळवून घ्यायचे, साखळीला लावून साचा उचलायचा, बसवायचा, मशीन तापवायचं, आणि मग सगळं पुन्हा उतरवायचं. आठवडाभर त्यांनी तिला एक दांडा पाडू दिला नाही. लेखी परीक्षेचं पुस्तक ती न्हाणीघरात गरम पाण्याच्या टबात बसून वाचायची, आणि मुलगी नागोयाहून फोनवर प्रश्न विचारायची. पाण्याने पुस्तक फुगून उशीसारखं झालं होतं. मी म्हणायचे, लेखीत नापास होशील आणि सुटशील. ती पास झाली. लेखीत एकदा पास झालं की पुढल्या वेळीही ते धरतात, एवढं बरं होतं.

कारण प्रात्यक्षिकात ती नापास झाली.

भर उन्हाळ्यात प्रशिक्षण केंद्रात ते झालं. संध्याकाळी ती थेट नूडलच्या दुकानात आली. मी तिथे वाट बघत बसले होते. वाडगा समोर आला तरी तिने काड्या उचलल्या नाहीत.

'सगळं जमलं,' ती म्हणाली. 'साचा बसवला, मशीन तापवलं, छोट्या वाट्या पाडायच्या होत्या, त्या पाडल्या. पडतील त्या क्रमाने मांडून द्यायच्या. हात लावायचा नाही, म्हणजे दुरुस्ती करायची नाही. तेवढा एकच नियम त्यांनी दोनदा वाचून दाखवला होता.'

'मग?'

'शेवटी परीक्षक आला. एक वाटी उचलून म्हणाला, ही कोणी साफ केली? मी म्हटलं, कोणी नाही. मी रागावलेच त्याच्यावर. तो म्हणाला, हिची कड तासलेली आहे.' तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. 'मग मी हे पाहिलं. नखात पांढरा भुगा होता.'

तिला कळलंही नव्हतं. पुढची वाटी मशीनमध्ये थंड होईपर्यंत ती उभी होती, हातात आधीची वाटी होती, कडेला फ्लॅश होती. अंगठ्याने आपलं काम केलं होतं. दुसऱ्या कुठल्याही माणसाकडून अशी चूक होणार नाही. ती फक्त आमच्या टेबलावरच्या बाईकडून होईल, आणि चांगल्या बाईकडून. हे मी तिला म्हटलं, तर ती हसेल असं वाटलं होतं. ती वाडग्यात तोंड घालून रडली. मी दुकानदाराला खूण करून आणखी कांदा मागवला, म्हणजे लोकांना कांद्यामुळे वाटेल.

शाचोंनी सुटकेचा श्वास सोडला, पण एगुचीसानांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, 'मी आणखी एक उन्हाळा थांबतोय. बायकोला विचारलंय.' इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून शाचोंनी पूर्वी ऐकलं नसावं. शाचो म्हणाले, ठीक, पण तो शेवटचा. त्यानंतर मशीन जाईल.

म्हणजे आता सगळं त्या अंगठ्यावर आलं. आम्ही उपाय सुरू केले. आधी नख मुळापासून कापलं. तर कातडीने काम सुरू झालं, आणि तिचे दांडे नीट तासले न गेल्यामुळे ते मला पुन्हा करावे लागले. मग हातमोजा घातला. अंगठा मोज्यासकट चालू लागला. ओगिनोबाईंच्या सांगण्यावरून चिकटपट्टी गुंडाळली, तर ती दुसऱ्या हाताचा अंगठा वापरायला लागली. 'कापून टाक दोन्ही,' मी वैतागून म्हणाले.

एगुचीसान दारात उभं राहून हे बघत होते. 'अंगठ्याला रिकामं ठेवू नका,' ते म्हणाले. 'बोट दाखवा आणि ओरडा.'

आमच्याकडे मशीन चालवणारे रोज सकाळी तसं करतात. प्रत्येक गोष्टीकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने नाव घेऊन म्हणायचं, योशी. म्हणजे ठीक आहे. दार योशी, तापमान योशी, साचा योशी. रेल्वेचे ड्रायव्हर करतात तेच. टेबलावरच्या बायकांना ते कोणी कधी करायला सांगितलं नव्हतं, आमच्याकडे चुकण्यासारखं काय होतं! आणि पुरुषसुद्धा ते तोंडातल्या तोंडात पुटपुटून उरकायचे. सुमिएसानला अर्धवट काही करताच येत नाही. ती आमच्या टेबलावर एकेक दांडा घेऊन हात ताठ करून गरजायला लागली, 'मान योशी! टोक योशी! कड... फ्लॅश आहे!'

दिवसभर. उन्हाळा जाऊन थंडी आली तरी तेच. तिच्या एका दांड्याला माझे तीन व्हायचे आणि तिचे उरलेले पण मीच करायचे. डोकं उठायचं. एकदा मी तिला दांडा फेकून मारला. तिने तो उचलला, लांब धरला आणि म्हणाली, 'नेम योशी.' बाजारात भाजीवाल्याच्या गोबोच्या लांब मुळांकडे बोट दाखवून ओरडायची, सिग्नलला ओरडायची, घरी नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवून 'हिगाकी योशी' म्हणून झोपायची. गावातली मुलं तिला योशीआजी म्हणायला लागली. तिने त्यांना गोळ्या वाटल्या.

दुसऱ्या परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. आत सोडत नाहीत. मी केंद्राच्या भिंतीच्या सावलीत बसून राहिले, सावली सरकेल तशी मीही सरकत होते. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता चालायला लागली. मी मागून पळाले. ती थेट स्टेशनच्या बाकावर जाऊन बसली.

'फ्लॅश आली होती,' मग ती म्हणाली.

'अरे देवा. आणि?'

'अंगठा निघालाच होता. बोट दाखवलं. इतक्या जोरात ओरडले की परीक्षकाची लिहायची पाटी खाली पडली. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने हात वर केले.'

'आणि मग?'

'मग हाताचं करायचं काय, कळेना. वाटी तशीच खाली ठेवली आणि मशीनकडे वळले. दाब जास्त होत होता, तो थोडा खाली घेतला. पुढची वाटी आली ती स्वच्छ. तिच्यानंतरची पण.' तिचा आवाज बसला होता. 'चिझुचान, घाण दिसली आणि मी पुसली नाही. ती येतेच कुठून ते बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.'

मी तिचा हात धरला. मला तिच्याबद्दल इतकं भरून आलं की मी तिला शिव्या दिल्या.

शरद ऋतूत निकाल आला. पास. शाचोंनी शब्द पाळला, उलट सकाळच्या कवायतीनंतर सगळ्यांसमोर तेच तिच्यापुढे वाकले, आणि आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा बरे निघाले. एगुचीसान संत्र्यांकडे गेले. जाताना त्यांनी मशीनला बोट दाखवून 'योशी' म्हटलं, मग तिच्याकडे बोट दाखवलं, आणि निघून गेले.

मशीन आता तिचं झालं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती साच्याचे दोन भाग मिळतात त्या कडा पुसायची, दाणा हातात घेऊन बघायची. मला दिसायचं ते एवढंच की टेबलावर येणारे क्रेट हलके वाटायला लागले होते. वजन तेवढंच होतं. काम हलकं झालं होतं. एक दांडा उचलावा, कड चाचपावी, आणि खाली ठेवावा. दुसरा उचलावा, तेच. चाकू नुसता पडून. ओगिनोबाई म्हणाल्या, 'आपण इथे का बसलोय गं?' आणि महिन्याभरात त्या घरी बसल्या. मग एका सकाळी शाचो आले, टेबलाकडे बघत म्हणाले की हे काढून इथे पॅकिंगचे खोके ठेवावेत म्हणतोय.

आधी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्यासाठी भर उन्हाळ्यात भिंतीपाशी बसले होते, तिचे दांडे तासले होते, तिचं बोंबलणं सोसलं होतं, आणि तिने पास होऊन माझं टेबल उडवलं होतं. मी तरातरा मशीनच्या खोलीत गेले.

'झालं तुझं समाधान?' मी म्हणाले. 'मला खोक्यांत बसव आता. चिकटपट्टी लावायला. वीस वर्षं तुझ्या शेजारी बसले मी!'

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती मशीनच्या काचेतून आत बघत होती. 'खोक्यांत का बसशील? मी शाचोंना सांगितलंय, मला मदतीला चिझु हवी. पुढच्या वर्षी तिसऱ्या दर्जाच्या परीक्षेला बसेल म्हणून.'

'मला विचारलंस?'

'नाही.'

'का नाही विचारलंस?'

'नाही म्हणाली असतीस.'

हे खरं होतं, त्यामुळे मला आणखी राग आला. मी म्हणाले, मला नाही जमायचं, मला मशीनची भीती वाटते, माझं वाचन कच्चं आहे, माझ्या घरी टब लहान आहे. ती बोलू देत होती. मशीन उघडलं, दांडे पडले. त्यातला एक तिने उचलून माझ्या हातात दिला. अजून गरम होता.

'बोट दाखव आणि सांग.'

मला लाज वाटली. दाराकडे बघून कोणी नाही याची खात्री केली, आणि हळूच बोट दाखवलं. 'मान योशी. टोक योशी.' कडेपाशी आले. अगदी केसाएवढी, पण होती. 'फ्लॅश आहे,' मी म्हणाले, आणि माझा अंगठा तिच्यावर गेला.

तिने माझ्या मनगटावर चापट मारली. 'काढायची नाही.'

'मग काय करू?'

'का आली ते सांग.'

लवकर काढ, नीट काढ, उरलीय बघ, इकडचीही काढ, हे मी आयुष्यभर ऐकलं होतं. का आली, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी दांडा उजेडाकडे धरला. डोळ्यांत पाणी येत होतं आणि कड दिसत नव्हती. मशीनची खोली मला माहीत आहे. तिथे कोणासाठी काही थांबत नाही, थांबलं की आतला माल करपतो, एगुचीसान तर शिंकायलाही थांबत नसत.

'घाई नाही,' सुमिएसान म्हणाली, आणि तिने मशीन बंद केलं.